जुन्या स्क्रूच्या वरचा मणका: तीन सल्ले, तीन ऑपरेशनं

एमआरआय एकच होता. सर्जन तीन होते, आणि त्यांनी ऑपरेशनंही तीन वेगळी सुचवली. माझ्या फायलीत ते तीन कागद अजून एकाखाली एक लावलेले आहेत. पहिल्यावर लिहिलंय: एल ३–४ ला फक्त डिकम्प्रेशन. दुसऱ्यावर: जुने रॉड काढून फ्यूजन एल ३ पर्यंत वाढवणे. तिसऱ्यावर: कुशीतून केज बसवणे, पाठीला हात न लावता. (एल म्हणजे कमरेचा मणका, वरून खाली एक ते पाच; डिकम्प्रेशन म्हणजे दबलेल्या नसा मोकळ्या करणं; फ्यूजन म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जखडणं; केज म्हणजे दोन मणक्यांमध्ये गादीच्या जागी बसवायचा ठोकळा.) तिघेही अनुभवी, तिघांनीही मला नीट तपासलं आणि तिघेही आपापल्या सल्ल्यावर ठाम होते. ते कागद घेऊन मी दोन महिने काढले आणि त्या दोन महिन्यांत मला धड झोप लागली नाही.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणजे तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले. वय आता ६३. अकरा वर्षांपूर्वी माझा एल ४ हा मणका एल ५ वरून पुढे सरकला होता, म्हणून त्या दोघांचं फ्यूजन झालं. चार स्क्रू, दोन रॉड आणि मध्ये एक केज. त्या ऑपरेशनबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्याने मला आठ वर्षं उत्तम दिली. मी शाळेत परत गेले, जिने चढले, प्रवास केले. त्रास सुरू झाला तो नवव्या वर्षी.

आणि तो कमरेचा नव्हता, म्हणून आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. चालायला लागलं की चार-पाच मिनिटांत दोन्ही मांड्या भरून यायच्या, मग पोटऱ्या जड, मग तळव्यांना मुंग्या. थांबून नुसतं उभं राहिलं तर काहीच फरक पडायचा नाही. बसलं किंवा एखाद्या कठड्यावर पुढे झुकलं की मिनिटभरात पाय मोकळे. व्यायामाच्या सायकलवर मात्र मी वीस मिनिटं आरामात बसू शकत होते. ही खूण महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे पाय दुखत असतील तर नुसतं थांबल्यानेही आराम पडतो आणि सायकल चालवतानाही दुखतं. नसा दबल्या असतील तर पुढे वाकल्याने आराम पडतो, कारण वाकलं की कण्याची नळी थोडी रुंद होते आणि मागे झुकलं की आवळते. माझ्या डॉक्टरांनी तरीही पावलांच्या नाड्या हाताने तपासल्या आणि पायांच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी करून घेतली. ते बरंच झालं. या वयात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

‘माझा मज्जारज्जू दबलाय’ असं आपल्याकडे सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. खरं तर मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतो तो नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा मोकळा. माझ्या एल ३–४ ला हा झुपका चहूबाजूंनी आवळला गेला होता: समोरून फुगलेली गादी, मागून जाड झालेलं पिवळं लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा), बाजूंनी सुजलेले सांधे. एमआरआयच्या आडव्या चित्रात नळीत नसांभोवती पाणी पांढरं दिसतं आणि त्यात नसा बारीक ठिपक्यांसारख्या. वरच्या मणक्यापाशी हे ठिपके मला मोजता येत होते. एल ३–४ ला पांढरं काही उरलंच नव्हतं, नुसता करडा गोळा.

हे का झालं, याचं उत्तर सरळ आहे आणि जरा कडूही. दोन मणके एकत्र जखडले की त्यांची हालचाल वरच्या आणि खालच्या सांध्यांकडे जाते. बहुतेक वेळा वरचा सांधा आधी झिजतो. डॉक्टर याला ‘अ‍ॅडजेसंट सेगमेंट डिसीज’ म्हणतात, म्हणजे शेजारच्या मणक्याचा आजार. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की कमरेच्या फ्यूजननंतर ५ वर्षांत सुमारे १६.५ टक्के आणि १० वर्षांत सुमारे ३६ टक्के रुग्णांना शेजारच्या मणक्यासाठी ऑपरेशन लागण्याइतका त्रास होतो. इतर अभ्यासांत आकडा यापेक्षा कमी आला आहे. यात फ्यूजनचा वाटा किती आणि वयाचा किती, यावर सर्जनांचंही एकमत नाही. अकरा वर्षांपूर्वीचा माझा सर्जन चुकला, असा अर्थ मी यातून काढत नाही.

ऑपरेशनआधी मी दोन वेळा पाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पहिल्याने पाच आठवडे आराम मिळाला, दुसऱ्याने नऊ दिवस. २०१४ मध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टेरॉइड घातलेलं इंजेक्शन आणि नुसत्या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन यांच्यात सहा आठवड्यांनंतर फारसा फरक आढळला नाही. मला पाच आठवडे मिळाले, त्याचं मोल मी नाकारत नाही. त्या दिवसांत मी नातेवाइकांकडचं एक कार्य उभ्याने पार पाडलं. तिसरं इंजेक्शन मात्र घेतलं नाही. फिजिओथेरपी सहा महिने केली. तिने ताकद टिकली, चालण्याची मिनिटं वाढली नाहीत.

आता तुलनेकडे येते. मी वहीत रोज लिहायचे: किती मिनिटं चालले, कुठे भरून आलं, किती वेळ बसल्यावर मोकळं झालं. ही वही मी तिन्ही सर्जनांसमोर ठेवली. पहिल्याने ती उघडली नाही. दुसऱ्याने चाळली. तिसऱ्याने पानं उलटत एकच प्रश्न विचारला, “मॅडम, एकूण त्रासाला दहा गुण दिले, तर त्यातले कमरेचे किती आणि पायांचे किती?” मी म्हटलं, “नऊ पायांचे.” तो म्हणाला, “मग आधी आपण नसांचं बघू.” गंमत अशी की हाच सर्जन कुशीतून केज बसवण्याचा सल्ला देणारा होता. पण त्याच्या त्या प्रश्नाने मला कळलं की मी ऑपरेशनांची तुलना उलट्या टोकाकडून करत होते. कोणतं ऑपरेशन चांगलं, हे विचारण्याआधी माझ्या नसेला नेमकं काय दाबतंय आणि कधी दाबतंय, हे कळायला हवं होतं.

त्यासाठी लागलेल्या तपासण्या सांगते, कारण पुन्हा ऑपरेशनाच्या वेळी यातलीच एखादी हमखास राहून जाते. एमआरआय आडवं झोपून काढतात. त्या स्थितीत कण्यावर वजन नसतं. मला त्रास व्हायचा उभ्याने. म्हणून उभ्याने एक्स-रे हवेत, आणि त्यातही पुढे वाकून एक, मागे झुकून एक. वरचा मणका जागेवरून किती सरकतो ते त्यातच दिसतं. मग जुन्या ऑपरेशनच्या जागेचा सीटी स्कॅन: जुनं फ्यूजन खरंच जुळलंय का, स्क्रूभोवती काळी कड दिसतेय का (दिसली तर स्क्रू सैल झालाय), आणि एल ४ च्या स्क्रूचं डोकं एल ३–४ च्या सांध्यात घुसलंय का. टायटॅनियममुळे एमआरआयचं चित्र स्क्रूच्या आसपास पुसट होतं, त्यामुळे या गोष्टी सीटीतच धड दिसतात. ज्यांचं चित्र धातूमुळे अगदीच वाचता येत नाही, त्यांच्या नळीत रंगद्रव्य सोडून सीटी काढतात. मानेपासून खुब्यापर्यंत पूर्ण कण्याचा एक लांब एक्स-रे हवा, शरीराचा तोल पुढे गेलाय का ते बघायला. आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी हवी, कारण स्क्रू ज्या हाडात बसवायचा ते हाडच ठिसूळ असेल तर पुढचा सगळा विचार बदलतो. माझा टी-स्कोअर उणे १.९ आला, म्हणजे हाडं विरळ, पण ऑस्टिओपोरोसिस नाही.

दुसऱ्या सर्जनने फ्यूजन वाढवण्याचा सल्ला फक्त झोपून काढलेल्या एमआरआयवर दिला होता. उभ्याचे एक्स-रे त्याने मागितलेच नाहीत. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याच्या हाताला चांगलं यश असल्याचं मी अनेकांकडून ऐकलं होतं. हे एक्स-रे मी पहिल्या सर्जनच्या सांगण्यावरून काढले. त्याने वाकलेली आणि झुकलेली, दोन्ही चित्रं शेजारी लावली. एल ३ च्या मागच्या कडेला पट्टी लावून त्याने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली, तशीच एल ४ ला, आणि मधलं अंतर मोजलं. वाकून दोन मिलिमीटर, झुकून दोन मिलिमीटर. तीस वर्षं पट्टी आणि रेघ हातात असलेल्या बाईला ही भाषा लगेच कळली. मणका किंचित पुढे सरकलेला होता, पण हलत नव्हता. हलण्यातला फरक साधारण तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेला की बहुतेक सर्जन त्याला अस्थिर म्हणतात.

नुसतं डिकम्प्रेशन. यात नसांवरचं छत मोकळं करतात: जाड झालेलं लिगामेंट आणि हाडाची आतली कड काढतात. पूर्वी मागचं सगळं हाड काढायचे, लॅमिनेक्टॉमी म्हणतात ती. पहिल्या सर्जनने मला सुचवलेली पद्धत वेगळी होती. एका बाजूने लहान खिडकी पाडायची आणि मायक्रोस्कोप तिरका करून तिथूनच पलीकडची बाजूही साफ करायची, म्हणजे दुसऱ्या बाजूचे स्नायू आणि सांधा शाबूत राहतो. हेच काम दुर्बिणीतूनही करतात, एका छिद्रातून किंवा दोन. कोणत्या उपकरणाने करायचं यावर मी फार वेळ घालवला नाही; ज्याचा हात ज्या उपकरणावर बसलाय त्याने त्यानेच करावं, एवढंच माझं मत.

याची जमेची बाजू म्हणजे नवा धातू नाही, रक्तस्राव कमी, आणि हाड जुळण्याची वाट बघावी लागत नाही. धोका एकच, पण खरा: फ्यूजनच्या लगेच वरचा सांधा आधीच जादा भार सोसत असतो. तिथे सांध्याचा भाग जास्त कापला गेला तर मणका सरकू लागतो, आणि मग फ्यूजन करावंच लागतं. मणका सरकलेला असताना डिकम्प्रेशनच्या जोडीला फ्यूजन हवं की नको, यावर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. २०१६ मध्ये स्वीडनची, २४७ रुग्णांची, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा मणका सरकलेला होता: दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नाही. २०२१ मध्ये नॉर्वेची, २६७ रुग्णांची: नुसतं डिकम्प्रेशन मागे पडलं नाही, पुन्हा ऑपरेशन लागलं ते १२.५ टक्क्यांना, फ्यूजनवाल्यांत ९.१ टक्क्यांना. अमेरिकेतली २०१६ चीच चाचणी लहान होती, ६६ रुग्णांची, आणि तिचा कौल थोडा वेगळा: शारीरिक क्षमतेत फ्यूजनवाले जरा पुढे, आणि चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन फ्यूजनवाल्यांत १४ टक्के, नुसत्या डिकम्प्रेशनवाल्यांत ३४ टक्के.

हे आकडे मी पाठ केले होते. मग पहिल्या सर्जननेच मला जमिनीवर आणलं. “हे सगळे तुमच्यासारखे नाहीत,” तो म्हणाला. “तुमच्या खाली रॉड आहेत.” या चाचण्या मुख्यतः पहिल्यांदा ऑपरेशन होणाऱ्यांच्या होत्या. आपल्यासारख्यांना त्यातून दिशा कळते, नेमका आकडा कळत नाही. स्वतःच्या सल्ल्याला अनुकूल असलेल्या आकड्यांची मर्यादा त्याने स्वतःहून सांगितली, आणि माझा विश्वास तिथे बसला.

फ्यूजन वाढवणे. हे ऑपरेशन मी नाकारलं, तरी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, कारण अनेकांसाठी तेच योग्य असतं. मणका हलत असेल, कंबरच मुख्य दुखत असेल, कण्याला बाक आला असेल, गादी पार बसून नसेचं बाजूचं भोक बंद झालं असेल, किंवा नस मोकळी करण्यासाठी सांधा पूर्ण काढावाच लागणार असेल, तर नुसतं डिकम्प्रेशन करून पुन्हा वर्षभरात टेबलावर जाण्यात अर्थ नाही. यात जुनी जखम पुन्हा उघडतात, जुने रॉड काढून लांब रॉड घालतात किंवा डोमिनो नावाच्या जोडणीने नवे रॉड जुन्यांना जोडतात. वेळ जास्त, रक्तस्राव जास्त, जंतुसंसर्गाचा धोका जास्त. जुन्या व्रणात नसांचं आवरण चिकटलेलं असतं. ते सोडवताना फाटलं तर पाणी गळतं, शिवावं लागतं आणि काही काळ सपाट पडून राहावं लागतं. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष. धूम्रपान करणाऱ्यांचं हाड जुळायला अडतं, म्हणून बरेच सर्जन ते आधी बंद करायला लावतात. साखरही आटोक्यात हवी.

माझी खरी भीती वेगळी होती. एल ३ पर्यंत जखडलं की पुढचा भार एल २–३ वर. आज ६३, मग ७२ व्या वर्षी पुन्हा हाच हिशेब? दुसऱ्या सर्जनला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तेव्हाचं तेव्हा बघू.” त्याचं म्हणणं कदाचित व्यवहाराचं असेल. मला ते पुरलं नाही.

इथे एक तक्रार नोंदवते, कारण तिचा फटका तुम्हालाही बसू शकतो. फ्यूजन वाढवायचं तर जुने स्क्रू कोणत्या बनावटीचे हे माहीत हवं. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं आणि ते फिरवायचं हत्यार वेगळं. माझं पहिलं ऑपरेशन जिथे झालं तिथे मी तीन वेळा खेटे घातले. जुन्या नोंदी नष्ट केल्या, असं उत्तर मिळालं. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘टायटॅनियम इम्प्लांट’ एवढंच. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या वेष्टनावरचे स्टिकर कागदावर चिकटवतात. तो कागद रुग्णाच्या हातात द्यायलाच हवा. अकरा वर्षांपूर्वी मला तो मागायचं माहीत नव्हतं. ज्यांचं पहिलं फ्यूजन आत्ता व्हायचंय, त्यांनी तो घेतल्याशिवाय घरी जाऊ नये.

कुशीतून केज. मला सगळ्यात मोह पडला होता तो याचा. कुशीवर झोपवून बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधून आत जातात, गादी काढून रुंद केज बसवतात. मणक्यांमधली उंची वाढली की चुण्या पडलेलं लिगामेंट ताणलं जातं आणि नळी आपोआप मोकळी होते, नसांना हात न लावता. जुन्या व्रणाच्या वाटेला जावंच लागत नाही, पाठीचे स्नायू शाबूत राहतात. पुन्हा ऑपरेशन होणाऱ्याला हे वरदान वाटावं असंच आहे.

माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेचं हेच झालं, एल २–३ ला. दुसऱ्या दिवशी तिचे पाय मोकळे झाले. पण डाव्या मांडीचा पुढचा भाग बधिर झाला आणि पायरीवर पाय उचलताना तिला हाताने मांडी धरून उचलावी लागे. केजची वाट मांडी उचलणाऱ्या सोआस स्नायूतून जाते आणि त्याच स्नायूत मांडीच्या नसा असतात, म्हणून हे होतं. बहुतेकांचं भरून येतं. तिचं चार महिन्यांत आलं. आज ती खूश आहे. एल ५ आणि माकडहाडाच्या वरच्या हाडामध्ये मात्र ही वाट चालत नाही, कमरेचं रुंद हाड आड येतं. पाठ टाळायची तर तिथे पोटातून जावं लागतं, आणि तिथे मोठ्या रक्तवाहिन्यांची जबाबदारी येते.

मग मी का नाही केलं? नळी उंची कमी झाल्यामुळे आवळली असेल तर उंची वाढवून सुटते. माझ्या गादीची उंची बऱ्यापैकी टिकून होती. नळी अरुंद झाली होती ती लिगामेंटमुळे आणि सुजलेल्या सांध्यांच्या हाडामुळे. हाडाची कड ताणून सरळ होत नाही. विरळ हाडात केज खाली धसण्याची शक्यताही होती. तिसऱ्या सर्जनने हे मान्य केलं आणि म्हणाला, पुरेसं मोकळं झालं नाही तर दुसऱ्या टप्प्यात पाठीतून जाऊ. एका ऑपरेशनसाठी गेलेली मी दोन ऑपरेशनांची संमती द्यायला तयार नव्हते. त्याच्याबद्दल आदर मात्र वाढला.

मणक्यांच्या मागच्या बाजूला निघालेल्या काट्यांसारख्या हाडांमध्ये पाचर बसवण्याचे प्रकारही असतात. त्या वाकून बसल्यासारखी जागा धरून ठेवतात. त्यातलं एके काळी गाजलेलं एक्स-स्टॉप आता वापरात नाही. नव्या पिढीतली काही साधनं आहेत. काटा शाबूत हवा, हाड पक्कं हवं, आणि आवळण फार तीव्र नको. माझी तीव्र होती, म्हणून हा विषय तिथेच संपला. कण्यात बसवायच्या विद्युत उत्तेजकाचंही एकाने सुचवलं. ऑपरेशन होऊनही नसांचं दुखणं मागे राहिलेल्यांना त्याचा आधार होतो. अरुंद नळी त्याने रुंद होत नाही.

मी पहिलं निवडलं. ऑपरेशन एक तास पन्नास मिनिटं चाललं. जुन्या स्क्रूंना हात लावावा लागला नाही, नसांचं आवरण फाटलं नाही. संध्याकाळी नर्सने मला उभं केलं. वॉकरला धरून मी खोलीच्या दारापर्यंत गेले, परत आले, आणि वॉकरला धरून तशीच उभी राहिले. नर्स म्हणाली, “काकू, बसा आता.” मी म्हटलं, “थांब जरा.” मला मांड्या भरून येण्याची सवय झाली होती, मी त्यांची वाट बघत होते. त्या आल्या नाहीत.

सगळं सरळ गेलं असं नाही. चौथ्या दिवसापासून उजव्या पोटरीत आग सुरू झाली आणि दोन आठवडे राहिली. मोकळी झालेली नस कुरकुरते, असं सर्जन म्हणाला, गोळीने निभावलं. उजव्या पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा ऑपरेशनआधी वर्षभर होता, तो अजून आहे. नस जितकी जास्त काळ दबलेली, तितकं तिचं परत येणं अवघड. मी सहा महिने आधी गेले असते तर कदाचित तो गेला असता. कमरेचं जे एक गुणाचं दुखणं होतं ते तसंच आहे. डिकम्प्रेशन ते घालवत नाही, हे मला आधीच सांगितलं होतं.

वहीतले आकडे: ऑपरेशनआधी ४ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात ११. तिसऱ्या महिन्यात ३५. आता, चौदाव्या महिन्यात, ५० मिनिटं, आणि थांबते ती दमून, पायांमुळे नाही.

अजून एक आकडा आहे आणि तो सांगितल्याशिवाय ही तुलना प्रामाणिक होणार नाही. वर्षाच्या तपासणीत एल ३ चं सरकणं दोनाचं तीन मिलिमीटर झालं होतं. त्रास काही नाही, हालचालही दिसत नाही. सर्जनने पुन्हा तीच पेन्सिल काढली, तशीच रेघ ओढली आणि स्पष्ट सांगितलं की पुढे कधी तरी इथे फ्यूजन लागू शकतं. हे मला ऑपरेशनआधीही सांगितलेलं होतं आणि मी तेव्हाही हो म्हटलं होतं. आजही म्हणेन.

ज्यांना अचानक लघवी अडते किंवा कळत नाही, जांघेत आणि बसायच्या जागी बधिर होतं, किंवा पाऊल लुळं पडून घसटायला लागतं, त्यांनी हे वाचत बसू नये. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठावं. तिथे तीन सल्ल्यांची सवड नसते.

या वेळच्या ऑपरेशनची पूर्ण नोंद मी मागून घेतली आहे: कुठलं हाड किती काढलं, कोणत्या बाजूने गेले, आवरण शाबूत होतं का. तिच्या मागे दोन्ही एक्स-रेंच्या प्रती लावल्या आहेत आणि सगळ्याचे फोटो लेकीच्या फोनमध्ये आहेत. पुढचा एक्स-रे चार महिन्यांनी आहे. उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून, तिन्ही.